दहावीनंतरच्या सुट्टीत मुलांनी काम करावं का? कायदा काय म्हणतो

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीची परीक्षा संपलेली. घराजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात जूनपर्यंत काम मिळतंय. वेळ सकाळी दहा ते रात्री आठ, मधे जेवायला अर्धा तास, पैसे 'महिना झाला की बघू'. ताईचं बघून तेरा वर्षांचा धाकटाही 'मी पण येतो' म्हणतोय. आईला भीती ही, की हा बालमजुरीचा प्रकार तर नाही ना? असला तर गुन्हा कोणावर, दुकानदारावर की आपल्यावर?

ताई, उत्तर आधी देते, कारणं मागाहून. मुलगी काम करू शकते, पण दुकानदाराने सांगितलेल्या वेळांत नाही. धाकट्याला त्या दुकानात पाठवू नका, तासाभरासाठीसुद्धा नाही.

कामगार कायद्यांची कागदपत्रं सांभाळण्याच्या माझ्या कामात दोन प्रकारचे मालक भेटतात. एक 'अठराच्या आतलं कुणी नकोच, कटकट नको' म्हणणारे आणि दुसरे 'चालतंय हो, घरच्यासारखंच आहे' म्हणणारे. दोघांनीही कायदा वाचलेला नसतो. मुलांना त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारच्या मालकांकडे, आणि तोही मारझोडीचा वगैरे नाही. बारा तास उभं राहणं, जेवण चार वाजता, पगार अर्धा, एवढाच. म्हणून तो कुणाला दिसतही नाही.

या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली. त्याआधी चौदा वर्षांखालच्या मुलांना फक्त यादीतल्या ठरावीक कामांवर बंदी होती. यादीबाहेरचं काम असेल तर चालायचं. दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली आणि 'किशोरवयीन' असा नवा गट कायद्यात आला. चौदा पूर्ण झालेले पण अठरा पूर्ण न झालेले या गटात येतात. तुमची मुलगी किशोरवयीन, मुलगा बालक. एकाच घरातल्या दोन भावंडांना म्हणून दोन वेगळे नियम. बरेच लोक 'बालमजुरी' हा एकच शब्द दोघांना लावतात आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

आता वेळ. मला कुणी विचारलं की कायद्यातलं एकच कलम पाहायचं तर कोणतं, तर मी कलम ७ सांगेन. किशोरवयीन मुलाकडून सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती द्यावीच लागते. अर्धा तास चालत नाही, आणि 'गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसून घे' ही विश्रांती धरली जात नाही. सगळं मिळून, म्हणजे विश्रांती धरून आणि काम येण्याची वाट बघण्यात गेलेला वेळही धरून, दिवसाचा पसारा सहा तासांच्या वर जाता कामा नये. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही. ओव्हरटाइम नाही, तिची इच्छा असली तरी नाही. आणि एका ठिकाणी काम झाल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी जाऊन काम करता येत नाही. सकाळी दुकान आणि संध्याकाळी केटरिंगवाल्याकडे, हे बसत नाही.

दहा ते आठ हे या मापाला लावून बघा. पसारा दहा तासांचा, सातनंतरचा एक तास वर, विश्रांती अर्धी. एकाच वेळापत्रकात तीन उल्लंघनं. दुकानदार कदाचित भला माणूस असेल. मोठ्या नोकराला जी वेळ लावतो तीच त्याने सांगितली असेल. त्याला सरळ पर्याय द्या: अकरा ते दोन, दोन ते तीन सुट्टी, तीन ते पाच. सहा तासांत प्रत्यक्ष काम पाच तास होतं आणि जास्तीत जास्त तेवढंच होऊ शकतं. तासभराची सुट्टी नको असेल तर तीन तासांचं एकच सत्र घ्या, दुपारी चार ते सात. शाळा उघडायच्या आधीचे आठवडे स्टेशनरीवाल्यांच्या गर्दीचे. तेव्हा संध्याकाळचे तीन तास त्यालाही उपयोगी पडतात. मुलीला मात्र सातच्या ठोक्याला बाहेर पडता यायला हवं. 'शटर ओढून जा' म्हटलं की साडेआठ होतात.

आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी हवी. कोणता वार ते दुकानात लावलेल्या सूचनेत लिहिलेलं असायला हवं आणि तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या दोन महिन्यांत तो वार दर आठवड्याला मालकाच्या सोयीने हलणार नाही.

कामाची जागा कोणती, हा पुढचा मुद्दा. स्टेशनरी, पुस्तकं, कपडे, किराणा अशा दुकानांत हरकत नाही. धोकादायक ठरवलेल्या कामांत मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत पाऊल टाकता येत नाही. खाणी, स्फोटकं, ज्वलनशील पदार्थ आणि कारखान्यांतल्या धोकादायक प्रक्रिया हा या यादीचा गाभा. २०१७ मध्ये कायद्याला जोडलेली ही यादी, म्हणजे अनुसूची, बदलून बरीच लांबवली गेली. फटाक्यांचा स्टॉल यात येतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरं हौसेने स्टॉलवर बसतात आणि आईवडील कौतुकाने फोटो काढतात, म्हणून मुद्दाम सांगते.

दोन जागा अशा आहेत ज्यांवर वेगळे कायदे आहेत आणि लोकांच्या डोक्यात येत नाहीत. पहिली, दारू मिळते ते हॉटेल. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठराखालच्या कुणालाही दारूची विक्री, वाहतूक किंवा पुरवठा करायला लावणं हा सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. 'फक्त टेबलावर नेऊन ठेवायचं' हाही पुरवठाच. दुसरी, पानटपरी किंवा सिगारेट-तंबाखू विकणारं किराणा दुकान. तंबाखूजन्य वस्तू अठराखालच्या व्यक्तीने हाताळू वा विकू नयेत असा नियम आहे. स्टेशनरीवाल्याने गल्ल्याशेजारी सिगारेटची पाकिटं ठेवली असतील तर ते गिऱ्हाईक मालकाने स्वतः बघायचं, हे आधीच बोलून घ्या.

गाडीचं तर विचारूच नका. 'जरा हे पार्सल देऊन ये, माझी स्कूटर घेऊन जा' हे वाक्य सुट्टीतल्या नोकरीत हमखास येतं. सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर विनागिअरची आणि ५० सीसीपर्यंतचीच दुचाकी परवान्यावर चालवता येते. आज दुकानाबाहेर उभ्या असलेल्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडीने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. तुमची मुलगी पंधराची, तेव्हा तिच्या बाबतीत सोळाची सवलतही लागू नाही. डिलिव्हरीचं काम असेल तर पायी किंवा सायकलवर, नाहीतर नाही.

आता पैसे. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण आईवडील इथे संकोचतात. 'शिकायला जातेय ना, पैशाचं काय एवढं' असं आपणच म्हणतो आणि मालक तेच वाक्य धरून बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता, म्हणजे जुने बरेच कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे, लागू झाल्या. १९८६ चा कायदा त्यांत मिसळलेला नाही, तो वेगळा उभा आहे. पण पगाराचे नियम आता वेतन संहितेत आहेत. किमान वेतनाचे दर राज्य सरकार जाहीर करतं. कौशल्य आणि भाग पाहून ते ठरतात, म्हणून तुमच्या भागातल्या दुकानांचा चालू दर कामगार कार्यालयात विचारून घ्या आणि बोलणी तिथून सुरू करा. मोघम 'बघू' ऐवजी तासाचा किंवा दिवसाचा आकडा ठरवा.

पगार कधी, हेही संहितेत आहे. रोजंदारीवर असेल तर त्याच दिवशी काम संपताना, आठवड्याचा असेल तर सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा. सुट्टीतल्या नोकरीला हा शेवटचा नियम फार लागतो, कारण जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू झालं की मुलं यायची बंद होतात आणि 'पुढच्या महिन्यात ये, तेव्हा देतो' सुरू होतं. माझा सल्ला असा की आठवड्याचा पगार ठरवा. बुडायचाच झाला तर एका आठवड्याचा बुडेल.

एखादी वस्तू फुटली, हिशेबात पन्नास रुपये कमी आले, तर मालक दंड कापतो. पंधरा वर्षं पूर्ण न झालेल्या कामगाराला दंड लावताच येत नाही. पंधरा पूर्ण असतील तरी दंडाची एकूण रक्कम त्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि आधी बाजू मांडू द्यावी लागते. मुलीची पंधरा पूर्ण आहेत की पंधरावं चालू आहे, हे म्हणून जन्मतारखेवरून नीट मोजा.

पैसे तिच्या खात्यात घ्या. दहा वर्षांपुढच्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खातं स्वतः उघडून चालवता येतं. खात्यात जमा झालेली रक्कम हा पगाराचा पुरावा, वहीतल्या सहीपेक्षा भक्कम. करासाठीही बरं: मुलाचं व्याजाचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या अंगमेहनतीचं किंवा कौशल्याचं उत्पन्न धरत नाहीत.

याच्याच शेजारची एक गोष्ट. अठराखालच्या मुलाला कामाला ठेवून त्याची कमाई अडवून ठेवणं किंवा स्वतःसाठी वापरणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७९ खाली पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा आणि एक लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. पगार अडकवणाऱ्या मालकाला एवढं एक कलम शांतपणे सांगितलं की सहसा संध्याकाळपर्यंत पैसे येतात.

करारपत्राबद्दलही बोलते. काही ठिकाणी मुलांकडून 'तीन महिने सोडणार नाही, सोडलं तर अमुक रुपये भरेन' असं लिहून घेतात. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करार करूच शकत नाही, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं न्यायालय) मोहरीबीबी खटल्यात असा करार मुळातच शून्य ठरवला. तो कागद तिच्यावर बंधनकारक नाही. तिला बांधणारा कागद नको, मालकाला बांधणारा हवा: वेळ, पगार, सुट्टीचा वार, कामाचं स्वरूप, चार ओळी, त्याची सही. मोबाइलवरचा संदेशही चालेल. आणि मुलीच्या कामावर उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत काम ही वेठबिगारीची सुरुवात असते आणि १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे.

'नोकरी नाही, ट्रेनिंग आहे, म्हणून पगार नाही' असं कुणी म्हटलं तर विचारा की शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली करार आहे का. तिथेही किमान वय चौदा, धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी अठरा, अल्पवयीन असेल तर करार पालकांनी करायचा आणि विद्यावेतन द्यायचं. असा करार नसेल आणि मुलगी गिऱ्हाईक करत असेल, माल लावत असेल, तर ते काम आहे.

मालकाने काय करायचं ते थोडक्यात सांगते, म्हणजे 'कटकट' किती ते त्यालाही कळेल. किशोरवयीन कामावर आल्यापासून तीस दिवसांत कामगार खात्याच्या निरीक्षकाला लेखी कळवायचं. एक नोंदवही ठेवायची: नाव, जन्मतारीख, कामाची वेळ, विश्रांतीची वेळ, कामाचं स्वरूप. दुकानात सूचना लावायची. झालं. तुम्ही जन्मदाखल्याची प्रत देऊन ठेवा. वयावरून निरीक्षकाला शंका आली आणि दाखला नसेल तर प्रकरण वैद्यकीय तपासणीपर्यंत जातं.

मग गुन्हा कोणावर? चौदाखालच्या मुलाला कामाला लावणं किंवा किशोरवयीनाला धोकादायक कामावर घेणं, यासाठी मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर एक ते तीन वर्षं. हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. वेळांचे आणि नोंदवहीचे नियम मोडले तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईवडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. कमाईसाठी पुन्हा पाठवलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. तुमची भीती अगदीच निराधार नाही, पण ती धाकट्याच्या बाबतीत खरी आहे, मुलीच्या नाही.

धाकट्याचं काय करायचं? चौदाखालच्या मुलांना कायद्याने दोन वाटा ठेवल्या आहेत. एक, शाळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या व्यवसायाला मदत. इथे कुटुंब म्हणजे आई, वडील, सख्खी भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी. आजोबा या व्याख्येत नाहीत, चुलतभाऊ नाही, आत्याचे यजमानही नाहीत. विचित्र वाटतं खरं. नातवाला आजोबांच्या दुकानात बसता येऊ नये हा कायदा करणाऱ्यांचा हेतू असेल असं मला वाटत नाही, पण यादी तशीच आहे. म्हणून मामाचं दुकान असेल तर तो सुट्टीत थोडी मदत करू शकतो: दिवसाला विश्रांती सोडून तीन तासांपर्यंत, संध्याकाळी सात ते सकाळी आठ नाही, धोकादायक काम नाही, आणि मोठ्या माणसाच्या जागी पगारी नोकरासारखं नाही. कुटुंबातल्या मदतीसाठीही बंदी असलेल्या कामांची यादी किशोरवयीनांच्या यादीपेक्षा मोठी आहे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी वाट कलाकाराची: चित्रपट, मालिका, जाहिरात, खेळ चालतात, सर्कस मात्र नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, सलग तीन तासांपुढे नाही, सलग सत्तावीस दिवसांपुढे नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. धाकट्याचा तो बेत दिसत नाही, म्हणून इथेच सोडते.

मुलीला दुकानात काम नकोच वाटलं तर शेजारच्या लहान मुलांची शिकवणी घेणं, कुणाचं टायपिंग करून देणं हे पर्याय आहेत. कलम ७ च्या वेळा दुकानं, कार्यशाळा, शेतं, हॉटेलं अशा 'आस्थापनां'साठी आहेत. घरी चार मुलांना गणित शिकवणारी पंधरा वर्षांची मुलगी त्यात येत नाही. तरी सात वाजता घरी असण्याचा नियम मी माझ्या घरात तिथेही लावेन.

एक अवघड विषय तुम्ही विचारलेला नाही, पण पाठवण्याआधी मुलीशी बोला. दुकानात त्या वेळी आणखी कोण असतं, मागे माल ठेवायची खोली कुठे आहे, बाथरूम आहे का, हे एकदा स्वतः जाऊन बघा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कोणत्याही वयाच्या स्त्रीला लागू होतो. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात अंतर्गत समिती नसते, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुलगी अठराखाली असल्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदाही आहेच, आणि तिथे थेट पोलिसांकडे जायचं. तिला एवढंच सांगून ठेवा की काही खटकलं तर त्या दिवसाचा पगार गेला तरी चालेल, उठून घरी ये.

वेळ किंवा पगाराची तक्रार कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात करता येते. चौदाखालचं कुणी कुठे कामावर दिसलं तर १०९८ या क्रमांकावर कळवता येतं, नाव न सांगता.

दुकानदाराशी बोलताना कायद्याने सुरुवात करू नका, वेळापत्रकाने करा. 'चार ते सात येईल, रविवारी नाही, दर शनिवारी तिच्या खात्यात पैसे, गाडी आणि सिगारेटचं गिऱ्हाईक तिच्याकडे नाही.' तो हो म्हणाला तर सोमवारपासून पाठवा. 'एवढे नियम असतील तर नको' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मे महिन्यात स्टेशनरीवाल्यांना माणसं हवीच असतात.